लाल मावशीच्या पोटातला माणूस

आमच्या बागेत, झोपाळ्यांच्या पलीकडे, लाल मावशी सिमेंटच्या ओट्यांवर उभी आहे. अख्खी बोट, जमिनीवर. पोरं तिच्या डेकवर धावतात आणि आया खालून छत्र्या हलवत ओरडतात. चढायच्या शिडीपाशी एक पाटी लावलीय. बोट किती टनांची, कुठल्या साली बांधली, मिनिटाला किती पाणी फेकायची, कोणकोणत्या आगी विझवल्या, सगळं तीवर आहे. माझा फोटोसुद्धा आहे. पाण्याच्या तोफेवर उभा, केस उडतायत, वय बावीस. देखणा होतो, खोटं कशाला बोलू? लाय क्वान-तायचं नाव मात्र त्या पाटीवर कुठेच नाही, म्हणून सांगायला बसलोय. नाहीतर मला माझे गुडघे आहेत, गोळ्यांच्या वेळा आहेत आणि माजोंगच्या डावाला मंडळी खोळंबलीयत.

मावशीचं कागदावरचं नाव एका गोऱ्या गव्हर्नरच्या बायकोचं होतं. ते उच्चारताना आमच्या जिभेला गाठी पडायच्या, म्हणून पहिल्याच वर्षी बंदरातल्या लोकांनी तिचं बारसं केलं, लाल मावशी. बंदरात कुठेही आग लागली, जहाजाला, गोदामाला, नाहीतर वादळात आसऱ्याला आलेल्या मच्छीमार होड्यांना, की मावशी निघायची. तिच्या डेकवर पाण्याच्या नऊ तोफा होत्या. सगळ्यात पुढची, सगळ्यात मोठी, ती माझी. माझं नाव फुंग सिऊ-बान, पण बंदरात मला ‘तोफवाला’च म्हणायचे. पेपरात फोटो यायचे, मुली धक्क्यावर यायच्या. माझे पाय तेव्हा जमिनीवर नव्हते, हे आता कबूल करतो.

आणि लाय क्वान-ताय खाली असायचा. मावशीच्या पोटात, पंपांच्या खोलीत. तो शाऊ-केई-वानच्या खाडीत, होडीत जन्मलेला, होडीत वाढलेला, अंगाने बुटका, खांद्याने बैल. विसाव्या वर्षी तो त्या लोखंडी शिडीने खाली उतरला आणि छत्तीस वर्षं तिथेच राहिला म्हटलं तरी चालेल. आम्ही त्याला घुशा म्हणायचो. घूस बिळात राहते ना, तशी. त्याला राग यायचा नाही. आला असेल तर वर येऊन सांगायला त्याला वेळ नव्हता.

पंपांमुळे त्याचा डावा कान पस्तिसाव्या वर्षी गेला, उजवा अर्धा राहिला. त्याची बायको साऊ-हा वहिनी धक्क्यावर माशांचे गोळे विकायची, ती एक गोष्ट नेहमी सांगायची. तो घरी आला की ती विचारायची, “आज कुठे लागली होती?” आणि हा बूट काढता काढता म्हणायचा, “डाव्या बाजूला.” बस्स. का, तर बोटीचा डावा पत्रा हाताला गरम लागला होता. कुठलं जहाज, कोण वाचलं, कोण मेलं, ते वहिनीला दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांकडून कळायचं, आणि मग तीच नवऱ्याला सांगायची. आम्ही हा किस्सा सांगून पोट धरून हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते आता मला विचारू नका.

असो. बोट आणि घुशा एकाच दिवशी निवृत्त झाले. त्याचं वय आधीच होऊन गेलं होतं, पण त्याला सोडायची कुणाची छाती नव्हती, कारण ते जुने पंप त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नसत. इंजिनांकडे बघणारे त्याचे दोन हाताखालचे होते. एक वारला, दुसरा मुलीकडे कॅनडाला गेला. नव्या बोटींवरची नवी पोरं बटणं दाबणारी. मग मावशी चार वर्षं शाऊ-केई-वानच्या आडोशाला बांधून पडली आणि साहेब लोक ठरवत बसले, भंगारात काढायची की ठेवायची. त्या चार वर्षांत दर रविवारी घुशा एक डबा घेऊन खाली उतरायचा, इंजिनं फिरवायचा, तेल घालायचा, पुसायचा. कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी म्हणायची, “दुसरी बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. हिच्या काय उपटू?”

शेवटी ठरलं, संग्रहालय करायचं. बोट मोठ्या क्रेनने उचलून बागेत ठेवायची. त्या कामावर यीप सिन-यी नावाची एक तरुण बाई नेमली होती. हुशार, गोड बोलणारी. तिने आम्हा जुन्या लोकांना जेवायला बोलावलं, आठवणी लिहून घ्यायला. वाफवलेला मोठा मासा आला, वर आलं आणि पातीचा कांदा, गरम तेल ओतलेलं. वरची बाजू संपली तशी तिने जेवायच्या काड्यांनी मासा उचलला आणि सरळ उलटा केला.

सगळ्यांनी काड्या खाली ठेवल्या. बोटीवरची माणसं मासा उलटत नाहीत. मासा उलटला की कुठेतरी आपली बोट उलटते. आम्ही काटा काढून खालचं मांस खातो, दोन वर्षांच्या पोरालाही हे कळतं. बाई शहराच्या आतल्या भागात वाढलेली, तिला काय माहीत? तिला आपलं काहीतरी चुकलं एवढंच कळलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. मी तोंड उघडणारच होतो, आणि माझं तोंड उघडलं की बरं काही बाहेर पडत नाही, तेवढ्यात घुशा म्हणाला,

“राहू दे, बाळ. आता ती जमिनीवर चाललीय. जमिनीवर बोट उलटत नाही.”

असं म्हणून त्याने त्या उलट्या माशाचा पहिला तुकडा स्वतः खाल्ला.

बाईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि काहीतरी बोलायचं म्हणून त्यालाच विचारलं, “लाय काका, तुम्ही पाहिलेली सगळ्यात मोठी आग कुठली?”

“मी आग पाहिली नाही.”

“म्हणजे, मोठी?”

“कुठलीच.”

आम्ही सवयीने हसलो. मी म्हणालो, “अहो बाई, ही आमची घूस. बिळातून बाहेर आली तर बघणार ना!”

घुशाही हसला. मग म्हणाला, “आगीचं काय, शहरात चिकार लागतात, टीव्हीवर दिसतात. मला मावशीचं पाणी बघायचं होतं. तोफा चालतात तेव्हा मी खाली असतो. मी वर येतो तेव्हा तोफा बंद असतात. राहून गेलं.” आणि त्याने चहा ओतून घेतला.

मी तुम्हाला सांगतो, कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं मला. छत्तीस वर्षं! ज्या पाण्यावर मी मिरवलो, ते समुद्रातून उचलून माझ्या हातात देणाऱ्या माणसाने ते कधी पाहिलंच नव्हतं. आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नव्हती.

बाईने वही मिटली. “मग बघू या ना! उचलायला अजून अकरा दिवस आहेत.”

“बोट जमिनीवर गेली की बुडातली पाणी घेणारी भोकं वेल्डिंग करून बंद करणार,” घुशा म्हणाला. “त्याआधी पंप चालवायचा तर चालवणार कोण? मीच. म्हणजे मी परत खाली.” त्यात तक्रार नव्हती. भरती-ओहोटीची वेळ सांगावी तसं सांगितलं.

“मी चालवतो,” मी म्हणालो.

टेबलावर असा हशा पिकला की वेटर बघायला आला.

“हसा लेको,” मी म्हणालो. “अकरा दिवस आहेत. हा घुशा शिकवेल.”

घुशाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “हिरो, तुला शिडी तरी उतरता येते का?”

बाईने धावपळ करून परवानगी काढली. शेवटच्या फेरीला बोट नेणारा कॅप्टन मोक कडक माणूस. तो म्हणाला, बंदर ओलांडताना दहा मिनिटं, एक मिनिट जास्त नाही, आणि काही बिघडलं तर तिथेच बंद, पुन्हा सुरू करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुडघ्यांना लाल फुलाचं तेल चोळून खाली उतरलो. छत्तीस वर्षांत मी त्या खोलीत चार वेळा गेलो असेन, तेही दारातून ओरडायला. आता आत उभा राहिलो आणि पहिल्यांदा नीट बघितलं. काय सांगू! बाहेरून ती गंजकी म्हातारी. आत पितळ असं लखलखत होतं की दाढी करून घ्यावी. माणसाच्या कमरेएवढे जाड पाईप, हिरव्या रंगाचे, एकावर एक वळसे घेत गेलेले. चार पंप. प्रत्येकाच्या पायाशी गाळणीच्या दोन-दोन लोखंडी पेट्या. बोटीच्या बुडातून समुद्र आत यायचा, गाळणीत कचरा टाकायचा, पंपातून वर जायचा. देवळात शिरल्यावर आपोआप आवाज खाली येतो, तसा माझा आला.

“डोकं सांभाळ,” घुशा म्हणाला, आणि मी डोकं आपटलं.

त्याने पंप सुरू केला. पाणी तोफांकडे न पाठवता बाजूच्या भोकातून परत समुद्रात सोडलं, शिकण्यापुरतं. आवाज असा की दात हलले. त्याने माझा पंजा धरून पाईपवर ठेवला आणि कानाशी ओरडला, “दाबाच्या काचेकडे बघू नकोस! काच साहेब लोकांसाठी आहे!”

“मग काय बघू?”

“काही बघू नकोस! हात ठेव! काय होतंय?”

“थरथरतंय!”

“कसं?”

“थरथरतंय म्हणजे थरथरतंय, घुशा! आता काय कविता करू?”

“म्हणजे ठीक आहे!” तो हसत ओरडला. “बिघडलं की तू असं विचारणार नाहीस!”

पाचव्या दिवशी मला थोडं कळायला लागलं. पंप नीट ओढत असला की पाईप एकसारखा गुरगुरतो. कचरा आला की मध्ये एक ठोका चुकतो. काचेचा काटा हलायच्या आधी हात सांगतो. मग लीव्हर ओढून पाणी दुसऱ्या गाळणीतून घ्यायचं, पहिली उघडायची, साफ करायची, बंद करायची, तोवर दुसरी भरत आलेली. घुशा हे चार पंपांवर एकटा करायचा. आळीपाळीने, तासन् तास, आंधळ्यासारखा, आणि वर आम्हाला पाण्याची धार कधी बारीक झालेली दिसायची नाही. मी खाली बसकण मारली. मला वाटत होतं की पाणी नळाला येतं तसं तोफेला येतं.

तेव्हाच त्याचे हात दिसले. बाह्या वर केलेल्या होत्या. कोपरापासून मनगटापर्यंत पांढरे ओरखडे, एकावर एक.

“हे कशाने रे?”

“गाळणीच्या कडांनी. जास्त ते कापसाच्या जहाजाचे.”

कापसाचं जहाज म्हणजे आमची सगळ्यात मोठी आग. कापूस आणि रंगाचे डबे, तीन दिवस जळत होतं. त्याचं मला पदक मिळालं, घरी भिंतीवर आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या तोफेचं पाणी अर्ध्यावर आलं होतं. मी बोलायच्या नळीत तोंड घालून घुशाच्या आई-बापापासून सुरुवात केली होती. झोपलास का रे, मेलास का रे, आणि काय काय.

“जळका कापूस पाण्यात फुगतो,” घुशा म्हणाला. “मिनिटाला एक गाळणी भरायची. झाकण लावायला वेळ नव्हता, हातानेच उपसत होतो.”

“आणि मी...”

“हो, ऐकू येत होतं. तेव्हा कान बरा होता. नळीतून आवाज चांगला येतो.” आणि त्याने मला फडकं दिलं. “तो नट पूस.”

मी नट पुसला. दुसरं काय करणार होतो? माफी मागायला तीस वर्षं उशीर झाला होता, पण मागितली. तो म्हणाला, “काय?” मी परत मागितली, उजव्या कानाशी. तो म्हणाला, “बरं, बरं. आता तिकडचा पूस.”

उचलायचा दिवस साहेब लोकांनी आपल्या सोयीने ठरवला होता. घुशाने पंचांग काढलं. त्यात लिहिलं होतं, प्रवासाला वाईट, केस कापायला उत्तम. म्हणून तो केस कापून आला. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, नवे काळे बूट. साऊ-हा वहिनी सोबत. पुढच्या डेकवर भाजलेलं अख्खं डुक्कर ठेवलं, उदबत्त्या लावल्या, समुद्रदेवी तिन-हाउला तीनदा वाकलो. माझ्या तोफेवर मोकने नव्या बोटीवरचा एक गडी उभा केला होता. घुशाला मी हाताला धरून तोफेच्या शेजारी नेऊन उभं केलं.

“इथून हलायचं नाही. काहीही झालं तरी. खाली मी आहे.”

“म्हणूनच काळजी वाटते,” तो म्हणाला.

मी खाली उतरलो. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मावशी निघत होती आणि मी बाहेर नव्हतो. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. बोट वळली की पोटात कळायचं. मग मोकची घंटा वाजली आणि मी मोठ्या तोफेच्या पंपाची झडप उघडली.

आणि समुद्र आला. मी पुन्हा सांगतो, समुद्र आला. माझ्या हाताखालून, त्या पाईपमधून, अख्खं बंदर वर चाललं होतं. सराव करताना हे नव्हतं, तेव्हा पाणी नुसतं बाजूला पडत होतं. आता ते चढत होतं. पायाखालचं लोखंड थरथरलं, छाती थरथरली, माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते मी पुसलं नाही, कारण हात काढायची भीती वाटत होती. एवढी ताकद मी आयुष्यभर वरच्या टोकाला धरली होती आणि ती माझी आहे असं समजत होतो.

चौथ्या मिनिटाला ठोका चुकला.

काटा जागेवर होता, पण हाताला कळलं. मग दुसरा चुकला आणि गुरगुर पातळ झाली. प्लास्टिक असणार, बंदरात दुसरं काय असतं? मी लीव्हरला हात घातला. लीव्हर हलेना. पंधरा वेळा हलला होता, आज हलेना. आता काटाही पडायला लागला. वर पाण्याची धार बारीक होत असणार, आणि मोकला दिसलं की खेळ खलास.

पण मला मोकची भीती नव्हती. मी वर बघितलं, आणि ज्याची भीती होती तेच दिसलं. शिडीच्या तोंडाशी नवे काळे बूट. एक पायरी, दुसरी, तिसरी. पायांखालच्या डेकची थरथर बदलली आणि तो निघाला. छत्तीस वर्षांची खोड, जाते कुठे? तो खाली येणार, अर्ध्या मिनिटात सगळं ठीक करणार, आणि उरलेलं पाणी त्याच्याशिवाय वर जाणार.

“वर जा!” मी ओरडलो. “घुशा, वर मर!” त्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं, तर त्याला काय येणार? मी गुडघे विसरलो. दोन्ही हातांनी पाईप धरला आणि उजव्या पायाने लीव्हरला अशी लाथ घातली की पाऊल आठ दिवस काळंनिळं होतं. खाट्कन बसला. दुसरी गाळणी सुरू झाली. पाईप खोकला, आणि मग ती गुरगुर परत आली, खालून वर, भरदार.

बूट तिसऱ्या पायरीवर थांबले. त्याचा पंजा कठड्यावर होता, तो मला दिसत होता. त्याने कठडा जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग बूट वळले आणि वर गेले.

दहाव्या मिनिटाला घंटा वाजली. मी पंप बंद करत होतो तेव्हा तो आला. नखशिखांत भिजलेला. नुकतेच कापलेले केस डोक्याला चिकटलेले, शर्ट अंगाला. त्याने चारही झडपा तपासल्या, एक मी अर्धी सोडली होती ती बंद केली, आणि हत्यारांच्या पेटीवर बसला. खोली एकदम शांत झाली होती.

“फुंग,” तो म्हणाला, “किती उंच जातं रे ते?”

“दहा मजले. वारा नसला तर बारा.”

“आणि वर गेल्यावर थांबतं. पडायच्या आधी जरा वेळ नुसतं उभं राहतं.”

“हो.”

“त्यात घारी येतात?”

“येतात ना. तुषारांत भिजायला. लांबून येतात.”

“नेहमी?”

“नेहमी. तोफ सुरू झाली की पाच मिनिटांत हजर.”

त्याने तोंडावरून हात फिरवला. “तुम्ही आग विझवून यायचात,” तो म्हणाला, “हात धुवायचात, चहा प्यायचात, पत्ते खेळायचात. छत्तीस वर्षं. एकानेही मला सांगितलं नाही रे.”

त्याला राग आलेला नव्हता. आला असता तर मला सोपं गेलं असतं. वरून मोक ओरडत होता, क्रेन दिसायला लागलीय, सगळ्यांनी डेकवर या. मी गेलो नाही. पेटीच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला, जाऊन बसलो आणि पहिल्या आगीपासून सांगायला लागलो.